‘ळ’ आला की डाव अडतो

रात्रीचे जेवण आटोपल्यावर आपल्या वसतिगृहात शब्दभेंड्यांचा डाव कसा रंगत असे, हे माजी विद्यार्थ्यांना आठवत असेल. एका गटाने शब्द सांगावा आणि त्याच्या अखेरच्या अक्षराने दुसऱ्या गटाने नवा शब्द आरंभावा, एवढाच नियम. डाव अडे तो बहुधा ‘फळ’, ‘कारण’ अशा शब्दांवर. कारण मराठीत ‘ळ’ किंवा ‘ण’ या अक्षरांनी शब्दाचा आरंभ होत नाही. मग ‘ळ’बद्दल ‘ल’ आणि ‘ण’बद्दल ‘न’ घ्यावा, असा तोडगा मुलांनीच काढलेला होता. तो किती शास्त्रशुद्ध होता, हे पुढे दिसेलच.

एके वर्षी मी खेळ थोडा बदलला. शब्दात कोठेही ‘ण’ किंवा ‘ळ’ असेल तर एक गुण; दोन्ही असतील तर तीन. मुले लगेच शब्दकोशाकडे धावली आणि निराश होऊन परतली. कोश पहिल्या अक्षराच्या क्रमाने लावलेला असतो. जे अक्षर कधी पहिले येतच नाही, त्याचा शोध तेथे कसा लागणार?

त्या वर्षी वऱ्हाडातील एक मुलगा नव्याने दाखल झाला होता. त्याच्या घरच्या बोलीत ‘डोळा’ला ‘डोया’ आणि ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणत. वर्गात दोनदा हशा झाल्यावर त्याने मोठ्याने वाचणेच सोडून दिले होते. हसणाऱ्यांना थांबवण्यास मला उशीर झाला, हे येथे नमूद केले पाहिजे. खेळात त्याची पाळी आली तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग हळूच म्हणाला, ‘दयन’. पुन्हा हशा. मी विचारले, “दयन म्हणजे काय रे?” तो म्हणाला, “गिरनीवर नेतात ते, सर.” मी फळ्यावर लिहिले : दळण. तीन अक्षरांत ‘ळ’ही आणि ‘ण’ही. तीन गुण त्याच्या गटाला मिळाले, आणि हशा थांबला.

त्या दिवसापासून तो घरच्या शब्दांची यादी करू लागला. ‘जवय’ म्हणजे जवळ, ‘केयी’ म्हणजे केळी, ‘फय’ म्हणजे फळ. प्रत्येक ‘य’ बदलून मात्र चालत नाही. ‘पाय’, ‘माय’, ‘दया’ जसेच्या तसे राहतात. मग कोणता ‘य’ बदलायचा आणि कोणता ठेवायचा? हा प्रश्न त्याने विचारला आणि त्यातूनच पुढील पाठ तयार झाला.

संस्कृतात दोन स्वरांमध्ये एकटा ‘ल’ असेल, तर मराठीत त्याचा बहुधा ‘ळ’ होतो. फल–फळ, काल–काळ, मूल–मूळ, कमल–कमळ, नील–निळा. परंतु प्राकृतात जेथे ‘ल्ल’ असा जोड झाला होता, तेथे मराठीत ‘ल’च राहिला. म्हणून तेल, बिल्वापासून बेल, मूल्यापासून मोल. ‘काळ’ म्हणजे वेळ आणि ‘काल’ म्हणजे गेलेला दिवस, हा भेदही येथलाच. दुसरा शब्द ‘कल्य’पासून आलेला आहे. ‘ड’पासूनही ‘ळ’ येतो. गुडाचा गूळ झाला, षोडशचे सोळा झाले, तडागाचे तळे झाले. पालीतही षोडशचे ‘सोळस’ होते, हे आपल्या विद्यार्थ्यांस सांगितले की त्यांना विशेष आनंद होतो.

‘ण’ची रीत अशीच आहे. एकट्या ‘न’चा ‘ण’ होतो : पानीय–पाणी, भगिनी–बहीण, मानुष–माणूस. उलट ‘र्ण’ असा जोड असेल, तर मराठीत ‘न’ उरतो : कर्ण–कान, पर्ण–पान, चूर्ण–चुना, जीर्ण–जुना. म्हणजे मुलांचा तोडगा अगदी योग्य होता. ‘ळ’चे मूळ बहुधा ‘ल’मध्ये आणि ‘ण’चे मूळ बहुधा ‘न’मध्येच सापडते.

तत्सम शब्दांत ‘ण’ शोधण्याची वाट वेगळी. आधी ‘ऋ’, ‘र’ किंवा ‘ष’ पाहावा. त्यांच्या पुढे त्याच शब्दात आलेला ‘न’ हा ‘ण’ होतो. ऋण, मरण, भाषण, ग्रहण, अर्पण, रामायण. मध्ये च, ट, त या वर्गांतील अक्षर किंवा ल, श, स आले की ही क्रिया थांबते. म्हणून रचना, अर्जुन, प्रार्थना, दर्शन यांत ‘न’ कायम राहतो. शुद्धलेखनात ‘दर्शण’ लिहिणाऱ्यास नुसती लाल रेघ मारण्याऐवजी हा नियम सांगावा, असे माझे मत आहे.

खेळात झटपट गुण हवे असतील तर प्रत्ययांकडे वळावे. ‘आळू’ घ्या : दयाळू, मायाळू, झोपाळू, लाजाळू. स्त्रीलिंगी ‘ईण’ घ्या : वाघीण, शेजारीण, सुतारीण. माळ्याची ‘माळीण’ केली की एका शब्दात तीन गुण. धातूंपासून झालेली नामे तर भांडारच आहेत : वळण, गाळणी, चाळणी, मळणी. ही सारी स्वयंपाकघरातील आणि शेतातील माणसांच्या तोंडची. पुस्तके कमी असलेल्या घरांतील मुले या फेरीत मागे पडत नसत.

‘ञ’ने आरंभ होणारा शब्द मराठीत मागू नये, हे अक्षर आपल्याकडे ‘ज्ञ’च्या पोटात दडलेले आहे. पालीत मात्र ज्ञानाचे ‘ञाण’ आणि ज्ञातीचे ‘ञाति’ होते. रोज वंदना म्हणणारी आपली मुले ‘पञ्ञा’ शब्द सहज उच्चारतात, म्हणून पालीची फेरी लावली तर ‘ञ’लाही डाव अडत नाही.

तो वऱ्हाडी मुलगा वर्षाअखेरीस एक शब्द घेऊन माझ्याकडे आला : ‘दळणवळण’. सहा अक्षरे, त्यांत दोन ‘ळ’ आणि दोन ‘ण’. शब्द त्याने स्वतः फळ्यावर लिहिला आणि सर्वांसमोर मोठ्याने वाचला. सहा अक्षरांत ‘ळ’ आणि ‘ण’ मिळून पाच वेळा येतील असा शब्द मला अद्याप सापडलेला नाही. कोणास सापडल्यास पुढील स्नेहमेळाव्यास येताना अवश्य घेऊन यावा. विभक्तीचे प्रत्यय लावून केलेली रूपे मात्र पूर्वीप्रमाणेच चालणार नाहीत.