हेडर फाइल सापडत नाही तेव्हा

प्रश्न : उबंटूवर गिट मूळ सोर्स कोडपासून बांधताना ‘मेक’ दिल्यावर पडदाभर त्रुटी येतात. झेडलिब तर यंत्रावर आहेच. मग दोष कोठे?

उत्तर : त्या लांबलचक यादीतील अखेरची ओळ, जिच्यावर आपली दृष्टी स्वाभाविकपणे खिळते, ती बहुधा केवळ परिणाम सांगते, मूळ कारण वर, पहिल्या त्रुटीत दडलेले असते, आणि ‘मेक -जे८’ असे लिहून आठ कामे एकदम चालविली असतील, तर ओळींची सरमिसळ होऊन ते हुडकणे अधिकच दुष्कर होते, म्हणून प्रथम ‘मेक -जे१’ चालवावे. तेथे ‘फेटल एरर: झेडलिब.एच: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ ही ओळ दिसेल. आपले म्हणणे खोटे नाही: झेडलिब आहे, परंतु तयार प्रोग्रॅम चालण्यापुरतीच; कंपायलरला हवी असलेली हेडर फाइल डेबियनच्या परंपरेत निराळ्या पॅकेजात ठेवलेली असते. ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल झेडलिब१जी-डेव्ह’ एवढ्याने ही तक्रार मिटते. पुढे कर्लविषयी तशीच ओळ उमटल्यास खचू नये. इलाजही त्याच जातीचा आहे. इंटरनेटवरून ती एकच फाइल उचलून फोल्डरात टाकण्याचा मोह मात्र कृपा करून आवरावा, कारण तिची आवृत्ती आपल्या झेडलिबशी जुळेलच याची हमी नसते.