फ्रेंचांचा कोपरा

सोळाव्या शतकात फ्रान्समध्ये प्रॉटेस्टंट पंथाचे जे अनुयायी झाले, त्यांना ह्यूगेनॉट म्हणत. बहुसंख्य प्रजा कॅथलिक. त्यामुळे त्यांचा फार छळ होई. १५९८ साली चौथ्या हेन्री राजाने नान्तचा जाहीरनामा काढून त्यांना उपासनेचे स्वातंत्र्य दिले. परंतु त्याचाच नातू चौदावा लुई याने १६८५ साली ते हिरावून घेतले. धर्मोपदेशकांनी पंधरा दिवसांत देश सोडावा आणि इतरांनी मात्र देशाबाहेर पाऊल टाकू नये, अशी विचित्र आज्ञा निघाली! पळताना सापडलेल्या पुरुषांना राजाच्या गलबतांवर वल्ही मारावी लागत. तरीही सुमारे दोन लाख लोक घरेदारे टाकून परदेशी गेले.

हॉलंडमध्ये आलेल्यांपैकी काहींना डच ईस्ट इंडिया कंपनीने १६८८ च्या सुमारास आफ्रिकेच्या दक्षिण टोकास, केप वसाहतीत नेले. ते दोनशेही नसतील. पूर्वेकडे, आपल्या हिंदुस्थानाकडेही, जाणाऱ्या जहाजांना तेथे धान्य व मद्य लागे. म्हणून कंपनीला शेतकरी हवे होते. हत्तींचा कोपरा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एका डोंगरी खोऱ्यात यांतील अनेकांनी द्राक्षांचे मळे लावले. पुढे त्या खोऱ्याचे नाव पडले फ्रान्सहूक, म्हणजे फ्रेंचांचा कोपरा.

ती भूमी मात्र ओसाड नव्हती. खोईखोई लोक तेथे पिढ्यान्‌पिढ्या गुरे चारीत. छळातून सुटून आलेल्यांसाठी यांची कुरणे गेली. मळ्यांत पुढे गुलामही राबले. केपमधील गुलामांत हिंदुस्थानातून नेलेली माणसेही होती.

आपले वेगळे प्रार्थनामंदिर असावे, अशी विनंती ह्यूगेनॉटांनी १६८९ साली केली, तेव्हा वसाहतीचा प्रमुख सायमन व्हान डेर स्टेल संतापला. त्यांनी वेगळे राहू नये, डचांत मिसळावे, अशी त्याची इच्छा. कंपनीने नंतर मंदिरास अनुमती दिली खरी; पण १७०१ साली शाळेत मुलांना केवळ डच शिकवावे, असे ठरवले. ज्या श्रद्धेसाठी देश सोडला ती टिकली. भाषा घरात उरली, आणि घरातूनही हळूहळू गेली. लाकाय हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ १७५१ ते १७५३ या काळात केपमध्ये होता. त्याला फ्रेंच बोलणारी भेटली ती बहुधा वयस्कर माणसेच. नातवंडांना आजीची भाषा येत नव्हती.

आडनावे तेवढी राहिली. दक्षिण आफ्रिकेच्या क्रिकेट संघातील डिव्हिलियर्स, ड्यू प्लेसी ही नावे मुलांनी ऐकलीच असतील. ती याच लोकांबरोबर जहाजातून आली.