पंपाच्या डिझेल एंजिनातील झडपा : सुधारणा कोणती करावी, कोणती टाळावी

विहिरीवर डिझेल एंजिन चालविणारे शेतकरी, विशेषतः त्यांची तरुण मुले, अलीकडे एक प्रश्न वारंवार विचारतात. शर्यतीच्या मोटारीत ताठ स्प्रिंगा, हलक्या झडपा व निराळ्या घडणीचा कॅम बसवून एंजिनाची शक्ती वाढविता येते. मग तोच उपाय आपल्या एंजिनावर का करू नये? प्रश्न रास्त आहे आणि तो हसण्यावारी नेता कामा नये.

फोर-स्ट्रोक एंजिनात क्रँकच्या दर दोन फेऱ्यांस प्रत्येक झडप एकदा उघडते. मिनिटास १,५०० फेरे घेणाऱ्या एंजिनाची झडप मिनिटाला ७५० वेळा, म्हणजे तासाला ४५,००० वेळा उघडून मिटते. कॅम टॅपेटला उचलतो, टॅपेट पुशरॉडला, आणि पुशरॉड रॉकरचे एक टोक वर ढकलतो. त्याबरोबर रॉकरचे दुसरे टोक झडपेस खाली दाबते. झडप मिटविण्याचे काम मात्र यांपैकी कोणाचेच नव्हे. ते एकट्या स्प्रिंगेचे आहे. हे सर्व भाग वेळेवर परत आणण्यास लागणारे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. फेरे १,५०० वरून १,८०० केले, तर वेग २० टक्के वाढतो, पण स्प्रिंगेवरील हे ओझे ४४ टक्क्यांनी वाढते. ते पेलले नाही की झडप कॅमच्या मागे रेंगाळू लागते. ६,००० ते ७,००० फेरे घेणाऱ्या मोटारीत ताठ स्प्रिंगा घालतात त्या यासाठी. शक्ती वाढते ती अधिक फेरे व अधिक हवा यांमुळे. स्प्रिंग केवळ ते फेरे झेपवून नेते.

आता पंपाकडे पाहू. सेंट्रिफ्यूगल पंपाचा वेग २० टक्के वाढविल्यास त्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात, म्हणजे सुमारे ७३ टक्क्यांनी वाढते. ज्या पंपास ५ अश्वशक्ती पुरत होती, त्यास साडेआठ अश्वशक्तीहून अधिक लागेल. ती एंजिनात नसते. परिणामी काळा धूर निघतो व एंजिन तापते.

एका गावी उन्हाळी कांद्याच्या ऐन भरात असाच प्रकार माझ्या पाहण्यात आला. गव्हर्नर आवळून फेरे वाढविलेले होते आणि झडपा खडखडतात म्हणून दुसऱ्या एंजिनाची अधिक जाड तारेची स्प्रिंग बसविली होती. झडप पूर्ण उघडण्यापूर्वीच त्या स्प्रिंगेचे वेढे एकमेकांस टेकत. प्रथम पुशरॉड वाकला. तो ठोकून सरळ करून पुन्हा बसविण्यात आला. तिसऱ्या दिवशी झडपेचे लॉक निसटले व झडप सिलिंडरात पडली. डिझेल एंजिनात पिस्टन वर आला असता त्याच्या व हेडच्या मध्ये फारच थोडी जागा उरते. पिस्टन फुटला, लायनर चिरला. एंजिन अकरा दिवस बंद राहिले व कांद्याची पोसण्याची वेळ निघून गेली. “साहेब, स्प्रिंग तर नवीच होती,” असे ते गृहस्थ पुनःपुन्हा म्हणत होते. ती नवी होती हे खरेच. पण त्या एंजिनाची नव्हती.

खर्च करावयाचाच असेल तर तो पुढील ठिकाणी करावा. धुराड्याकडील झडप सर्वांत अधिक तापते, आणि ती थंड होते ती मुख्यतः मिटल्यावर सीटला टेकून. म्हणून ती उष्णता सोसणाऱ्या पोलादाची व त्याच एंजिनासाठी बनविलेली घ्यावी. गाइड झिजले असता केवळ झडप बदलणे म्हणजे पैसे वाया घालविणे होय. डुलणारी झडप सीटवर नीट बसतच नाही. स्प्रिंग बाहेर काढून तिची मोकळी लांबी नव्या स्प्रिंगेशी ताडून पाहावी व आखूड झाली असल्यास बदलावी. लॉकची जोडी एकत्रच बदलावी. सीट फार खोल कापू देऊ नये, कारण झडप आत बसल्याने दाब कमी होतो व सकाळी हँडल मारताना हात भरून येतात.

झडप ग्राइंडिंग पेस्टने घासून झाल्यावर पेस्ट पूर्ण धुवावी, झडप स्प्रिंगेसह बसवावी आणि हेडच्या पोर्टात रॉकेल किंवा डिझेल ओतून थोडा वेळ थांबावे. सीटखालून ओल झिरपली तर काम पुरे झालेले नाही, असे मिस्त्रीस स्पष्ट सांगावे.

रॉकर व झडप यांमधील फट फीलर गेजनेच मोजावी. गावात एक गेज असले तरी दहा एंजिनांस पुरते. फटीचे माप एंजिनाच्या पुस्तिकेत दिलेले असते. थंड एंजिनाचे माप थंड एंजिनावरच घ्यावे. पिस्टन दाबाच्या फेरीत अगदी वर व दोन्ही झडपा मिटलेल्या असाव्यात. डिकॉम्प्रेशनची दांडी उचललेली राहिल्यास माप चुकते, ही चूक जाणत्यांकडूनही होते. फट अति कमी ठेवल्यास तापलेली झडप लांबते, पुरती मिटत नाही व तिची कड जळते. अधिक ठेवल्यास आवाज येतो व टोके झिजतात. थोडा आवाज परवडला, जळलेली झडप परवडत नाही.

हेड उतरवून नवे गॅस्केट घातले असल्यास एंजिन काही तास चालवून थंड होऊ द्यावे, हेडचे नट पुस्तिकेत सांगितलेल्या क्रमाने पुन्हा तपासावेत, आणि गॅस्केट दबल्याने फट बदललेली असते म्हणून ती त्यानंतर पुन्हा एकदा मोजावी.