फेफरे: एका आजाराची अनेक नावे

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या १७व्या अध्यायात एक बाप आपल्या मुलाला प्रभूकडे आणतो. मुलगा कधी विस्तवात पडतो, कधी पाण्यात. मराठी शास्त्रात त्याला फेफरेकरी म्हटले आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ मात्र ‘चंद्राची बाधा झालेला’ असा होतो, कारण झटके चंद्राच्या कलांप्रमाणे येतात अशी त्या काळची समजूत होती. मार्कच्या ९व्या अध्यायात हाच प्रसंग आहे. तेथे चंद्राचा शब्द नाही, दिसले तेवढे सांगितले आहे: तोंडाला फेस, दात खाणे, अंग ताठ होणे. हे मुलाला केव्हापासून होते, असे प्रभू बापाला विचारतो. आजचा डॉक्टरही आधी हेच विचारतो.

याच मत्तयाने ४थ्या अध्यायात बरे झालेल्यांची यादी देताना भूतग्रस्त वेगळे आणि फेफरेकरी वेगळे सांगितले आहेत. १७व्या अध्यायात भूत निघाल्याचा उल्लेख आहे हे खरे. म्हणून या वचनांतून वैद्यकशास्त्र काढू नये. पण प्रत्येक झटका भुताचाच, असे म्हणणाऱ्याने ती यादी एकदा वाचावी.

या आजाराला जगाने दिलेली बहुतेक नावे दोनच गोष्टी सांगतात: माणूस पडला, किंवा त्याला कोणीतरी धरले. बाबेलच्या मातीच्या पाट्यांवर तो ‘पडण्याचा’ आजार आहे. अरबीतले ‘सरअ’ म्हणजे खाली आपटणे. इंग्रजी ‘एपिलेप्सी’ हा शब्द ‘पकडणे’ या ग्रीक क्रियापदावरून आला. आपले ‘लागणे’ आणि ‘झपाटणे’ त्याचेच भाऊबंद. रोमी लोक याला सभेचा आजार म्हणत, कारण भर सभेत कोणाला झटका आला तर अपशकुन मानून सभा मोडत असत. संस्कृत ‘अपस्मार’ मात्र स्मृती आणि भान हरपण्याकडे बोट दाखवतो. मला हे नाव या सर्वांत नेमके वाटते.

ग्रीकांमध्ये याला ‘पवित्र रोग’ही म्हणत. इ. स. पूर्व ४००च्या सुमारास हिप्पोक्रेटिसच्या नावावरील एका ग्रंथाने सांगितले, की हा रोग इतर रोगांहून पवित्र नाही आणि त्याचे मूळ मेंदूत आहे. हे कळूनही नावे टिकली. लाओसच्या डोंगराळ भागातील ह्मोंग लोक आजही ‘आत्मा धरतो आणि माणूस पडतो’ अशा अर्थाचे नाव वापरतात. मलाय भाषेतले जुने नाव तर ‘डुकराचे वेड’ असे होते. असे नाव घेऊन मुलाने शाळेत कसे जावे? तेथे आता ‘एपिलेप्सी’ हाच शब्द रूढ केला आहे. कोरियातही जुने नाव बदलून मेंदू आणि वीज यांवरून नवे नाव घेतले गेले. झटका म्हणजे मेंदूच्या पेशींतील विजेच्या संदेशांचा अचानक उडालेला गोंधळ, म्हणून ते योग्यच.

आपल्याकडे फेफरे, मिरगी, आकडी, फीट अशी नावे आहेत. पाड्यावर मात्र ‘बाहेरचे आहे’ एवढेच कानी पडते, आणि मग वाट भगताकडे जाते, दवाखान्याकडे नाही. नावाने फरक पडतो तो इथे. जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा आजार आहे. योग्य निदान आणि औषध मिळाले तर त्यांतील ७० टक्क्यांपर्यंत लोक झटक्यांवाचून जगू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. फिनोबार्बिटाल हे स्वस्त औषध १९१२ पासून वापरात आहे. गोळी मनाने बंद करू नये, झटके उलटतात.

कायद्यानेही या नावाला बराच काळ कलंक मानले. हिंदू विवाह कायदा आणि विशेष विवाह कायदा यांतून फेफऱ्याची अट १९९९ साली काढली गेली. सोयरीक जुळवणाऱ्या पुष्कळांना हे ठाऊक नसते.

झटका आला तर रुग्णाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ कापड ठेवा, घड्याळ पाहा. चप्पल किंवा कांदा हुंगवू नका, दातांत चमचा घालू नका, पाणी पाजू नका. पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर लगेच दवाखाना गाठा. तेथे पाहिले तेवढेच सांगा: किती वेळ चालला, कोणती बाजू आधी हलली आणि हे केव्हापासून होते.