हरणांचे कुरण व गावचा चारा : गवतांची निवड आणि लागणीची वेळ

वनालगतच्या गावी मार्गशीर्ष व पौष हे राखणीचे महिने होत. दिवसभर शेतात राबलेला शेतकरी रात्र माळ्यावर जागून काढतो. तरीही पहाटे हरभऱ्याचे शेंडे खुडलेले व गव्हाचे तास तुडविलेले दिसतात. दोष चितळ, सांबर व रोही यांस दिला जातो. परंतु या दिवसांत वनात त्यांच्यासाठी काय शिल्लक उरते, याचा विचार क्वचितच होतो. वनातील गवत वाळले की हे प्राणी हिरव्या पिकाकडे वळतात. म्हणून हा प्रश्न जितका राखणीचा, तितकाच चाऱ्याचाही आहे.

आहाराचे ऋतुमान

चितळाचे मुख्य अन्न गवत होय. सांबर गवताबरोबर झाडपाला व कोवळे धुमारेही मोठ्या प्रमाणावर खाते. पावसाच्या प्रारंभापासून भाद्रपदापर्यंत वनात कोवळे गवत विपुल असते. आश्विन-कार्तिकात गवत फुलोऱ्यावर येऊन पक्व होते. पक्व गवतातील प्रथिने झपाट्याने घटतात व काड्या चिवट होतात. त्यामुळे डिसेंबरमध्ये रानात गवत गुडघाभर उभे दिसले, तरी त्यात पोषण थोडेच असते. पुढे हरणे झाडपाला, बोरे, आवळे, आणि मार्च-एप्रिलमध्ये मोहाची गळालेली फुले यांवर निर्वाह करतात.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. कुरणात गवत किती आहे, यापेक्षा ते कोणत्या महिन्यात हिरवे व कोवळे राहते, यास अधिक महत्त्व आहे.

कुरण कोठे असावे

हरणांचे कुरण वनाच्या आत, बारमाही पाण्याच्या जवळ व शेतांपासून दूर असावे. शेताच्या बांधालगत हरणांसाठी चारा पेरणे म्हणजे त्यांस पिकाची वाट दाखविणे होय. शिवाय जेथे हरणांचे कळप जमतात, तेथे त्यांच्या मागोमाग बिबट्या व वाघही येतात, आणि गावाची गुरे व माणसे संकटात सापडतात.

मेळघाटातील बोरी, कोहा व कुंड आणि ताडोबातील नवेगाव व जामणी या गावांचे वनाबाहेर पुनर्वसन झाल्यावर त्यांची जुनी शेते कुरणांसाठी मोकळी झाली. पेंच येथे तोतलाडोह जलाशयाचे पाणी उन्हाळ्यात ओसरते, आणि उघड्या पडलेल्या ओलसर काठावर हिरवे गवत उगवते. तेथे चितळांचे कळप चरतात. पाणी, सपाट जमीन व कोवळे गवत यांचा संयोग साधला, म्हणजे कुरण यशस्वी होते.

वनातील हे काम वनविभागानेच करावयाचे असते. संयुक्त वन व्यवस्थापन समितीमार्फत गावकऱ्यांनी त्यात सहभागी व्हावे. परवानगीवाचून वनात कोणीही लागवड करू नये.

जमिनीनुसार गवतांची निवड

वनात स्थानिक गवतेच लावावीत. बाहेरून आणलेली जोमदार गवते पसरून मूळच्या गवतांस मागे सारण्याचा धोका असतो.

भारी व ओल धरणाऱ्या जमिनीत मारवेल उत्तम येते. ते पौष्टिक असून कापणीनंतर पुन्हा जोमाने फुटते. मध्यम व मुरमाड जमिनीत पवना व शेडा, तर उथळ उतारावर डोंगरी गवत योग्य ठरते. पाणवठ्याच्या काठी हरळी राखावी. शेतात जी हरळी शेतकऱ्यास नकोशी असते, तीच चितळास अतिशय प्रिय आहे. कुसळी गवत कोवळे असताना चांगले, परंतु त्याची कुसळे पक्व झाल्यावर जनावरांच्या तोंडास इजा करतात. यास्तव त्याचे प्रमाण वाढू देऊ नये.

लागण केव्हा व कशी करावी

गवताचे बी आश्विन-कार्तिकात पक्व होताच त्याच परिसरातून गोळा करावे व सावलीत वाळवून कोरड्या जागी साठवावे. अनेक गवतांचे ताजे बी सुप्तावस्थेत असल्याने नीट उगवत नाही. पुढील जूनपर्यंत ही सुप्तावस्था बहुतांशी संपते.

पावसाळ्यापूर्वी जमिनीची हलकी मशागत करावी. उतारावर खोल नांगरट केल्यास माती वाहून जाते, म्हणून तेथे समतल रेषेत फक्त चर ओढावेत. विदर्भात मृगाचा पाऊस स्थिरावला, की पेरणी करावी. गवताचे बी हलके व लवदार असून वाऱ्याने उडते. ते ओलसर माती व शेणखत यांत मिसळून टाकावे आणि सुमारे १ सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ देऊ नये. मारवेलची लागण मुळांसह ठोंबांनी अधिक खात्रीची होते. जुलैच्या झडीत ४५ × ३० सेंटिमीटर अंतरावर ठोंब लावावेत.

पहिल्या वर्षी नवीन लागणीस काटेरी फांद्यांचे कुंपण घालावे. गवत मुळे धरून बी पाडीपर्यंत त्यावर चराई होऊ देऊ नये.

तण व कापणी

तरोटा, रानतुळस, गाजरगवत व घाणेरी ही कुरणाची मोठी शत्रू होत. ही तणे फुलावर येण्यापूर्वी, म्हणजे श्रावण-भाद्रपदात, मुळासकट उपटावीत. घाणेरी खणून काढावी; नुसती तोडल्यास ती पुन्हा फुटते.

सर्व कुरण एकाच वेळी कापू नये. त्याचे पट्टे पाडावेत. एक पट्टा सप्टेंबरअखेर व दुसरा ऑक्टोबरमध्ये, जमिनीत ओल असतानाच कापावा. त्यामुळे हिवाळ्यात कोवळा फुटवा मिळतो. तिसरा पट्टा बियांसाठी व पाडसांच्या आडोशासाठी उभा ठेवावा. पुढील वर्षी पट्ट्यांचा क्रम बदलावा.

नवीन गवत फुटावे म्हणून आग लावणे सर्वथा वर्ज्य समजावे. महाराष्ट्रात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा काळ मानला जातो. तत्पूर्वी वनविभागाच्या जाळरेषा पूर्ण व्हाव्यात.

गावच्या गुरांचा चारा

गावची गुरे वनातील कुरणात शिरली, तर वरील सर्व श्रम व्यर्थ जातात; गुरांचे रोगही वन्य प्राण्यांस जडतात. म्हणून हरणांच्या कुरणाबरोबरच गावच्या चाऱ्याची तजवीज झाली पाहिजे. येथे निवडीचे नियम वेगळे आहेत.

गायरानात अंजन गवत व स्टायलो यांची मिश्र लागण करावी. स्टायलोच्या बियांचे कवच कठीण असते. पेरणीपूर्वी बी ८० अंश सेल्सिअस उष्ण पाण्यात ४ मिनिटे ठेवून नंतर रात्रभर थंड पाण्यात भिजवावे. ओलिताची सोय असल्यास संकरित नेपियरच्या यशवंत अथवा जयवंत जातीचे ठोंब ९० × ६० सेंटिमीटर अंतरावर लावावेत. पहिली कापणी ९ ते १० आठवड्यांनी व पुढील कापण्या ६ ते ८ आठवड्यांनी घ्याव्यात. लसूणघास ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हेक्टरी २५ किलो बी वापरून पेरावा. हिरव्या चाऱ्याचे हे तुकडे गोठ्याजवळ असावेत, वनाच्या कडेस नसावेत.

वनाच्या कडेचे शेत

वनास लागून असलेल्या पट्टीत हरभरा किंवा सोयाबीन घेणे टाळावे. तेथे हळद, मिरची अथवा एरंडी घ्यावी. हरभऱ्याभोवती काटेरी करडईच्या ओळी पेरण्याची जुनी चाल उपयुक्त आहे. मात्र करडई कोवळी असताना तिला काटे नसतात, म्हणून ती आधी पेरावी व प्रथम काही आठवडे राखावी.

कुंपणात विजेचा प्रवाह सोडणे हा गुन्हा आहे. त्याने हरीण मरते, वाघ मरतो, आणि अंधारात वाट चुकलेला शेजारीही मरतो. पिकाचे नुकसान झाल्यास विलंब न लावता वनविभागाकडे अर्ज करून पंचनामा करून घ्यावा.

कामांचे वेळापत्रक

मे : कुंपण, चर व हलकी मशागत.
जून : पावसानंतर बियांची पेरणी.
जुलै : ठोंबांची लागण व नांग्या भरणे.
ऑगस्ट-सप्टेंबर : तण उपटणे, पहिल्या पट्ट्याची कापणी.
ऑक्टोबर-नोव्हेंबर : दुसऱ्या पट्ट्याची कापणी, बी गोळा करणे, लसूणघासाची पेरणी.
डिसेंबर-जानेवारी : पाणवठ्यांची डागडुजी, शेताची राखण.
फेब्रुवारी-मे : वणव्यावर पहारा.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हे वेळापत्रक वैशाखातच ग्रामसभेपुढे मांडावे. पाऊस पडल्यावर बी शोधू लागणाऱ्यांचा हंगाम हुकतो. एका वर्षात राखण संपणार नाही, कारण कुरण जमून येण्यास दोन-तीन पावसाळे लागतात. परंतु वनात हरणांस व गोठ्यात गुरांस वेळेवर चारा मिळू लागला, की माळ्यावरच्या रात्री निश्चित कमी होतील.