पंचांग उघडा, मग वल्हं उचला: कर्लीच्या खाडीतला संथ दिवस

समुद्रात कयाक घेऊन उतरायचं तर हवामानाच्या ॲपआधी पंचांग उघडावं. कोकण किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हिशेब सोपा आहे: तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं, की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. तिच्या सहा-सव्वासहा तास आधी आणि नंतर ओहोटी. हिशेब ढोबळ आहे आणि मालवणकडे भरती मुंबईपेक्षा थोडी लवकर लागते, म्हणून जोडीला तारीखवार तक्ताही बघावा. पण निघायचं कधी, जेवायचं कुठे, परतायचं केव्हा, हे पाणीच ठरवतं. डोंगरात नाश्त्याला अर्धा तास जास्त गेला तर पुढे भरून काढता येतो. खाडीच्या मुखाशी तो अर्धा तास सगळा दिवस बदलून टाकतो.

आमचा बेत देवबागहून भोगव्याला जायचा होता. देवबाग म्हणजे वाळूची निरुंद पट्टी, पश्चिमेला अरबी समुद्र आणि पूर्वेला कर्लीची खाडी. तिचं दक्षिण टोक म्हणजे संगम, आणि मुखापलीकडे वेंगुर्ला तालुक्यातलं भोगवे. मालवणहून तारकर्लीमार्गे रस्ता सरळ आहे, राहायला घरोघरी सोय आहे. पोहता येणं, लाइफ जॅकेट, शिटी, जादा वल्हं, प्यायचं भरपूर पाणी हे गृहीत धरतो.

संकष्टीचा दिवस होता, थंडीतला. उजाडताना खाडीकाठी पोचलो तेव्हा एक वयस्क मच्छीमार जाळं झाडत बसले होते. कुठेही पाण्यात उतरण्याआधी तिथल्या माणसाला विचारायचं, हा आमच्या गटाचा नियम आहे आणि तो सगळ्यांचा असावा असं मला मनापासून वाटतं. भोगव्याचं नाव काढल्यावर काकांनी पाण्याकडे बोट केलं. "आता थंय जाव नकात. पाणी भायर वढता. वाईच थांबा, सुकती सरांदे, मगे जावा."

त्यांचं म्हणणं उलगडून सांगतो, कारण या किनाऱ्यावरच्या कुठल्याही खाडीला ते लागू आहे. चतुर्थीची ओहोटी सकाळी आठ-सव्वाआठला संपते. सातला खाडीचं पाणी अजून जोरात बाहेर पडत असतं, आणि पौर्णिमा मागे पडून जेमतेम चार दिवस झालेले असतात, म्हणजे उधाणाचा जोर पुरता ओसरलेला नसतो. त्यात पहाटेपासून जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात. काठावरून पाणी नितळ आणि शांत दिसतं ते या वाऱ्यामुळेच. पण ओढ आणि वारा दोन्ही कयाकला एकाच दिशेने, बाहेर, ढकलतात. शिवाय तक्त्यातली ओहोटीची वेळ किनाऱ्याची असते. किनाऱ्यावर पाणी चढू लागलं तरी खाडीचं पाणी काही वेळ बाहेरच वाहत राहतं.

आम्ही थांबलो. भाड्याच्या कयाक घेतलेला दुसरा एक गट मात्र निघाला. काकांनी त्यांनाही हाक मारली होती. मुखापर्यंत ते अगदी सहज गेले, जवळजवळ न वल्हवता. मग तोंड भोगव्याकडे वळवलं तरी ते पुढे सरकेनात, फक्त बाहेर बाहेर जात राहिले. समुद्रावरून परतणाऱ्या एका मासेमारी होडीने त्यांना दोर टाकून ओढत आणलं. कुणाला इजा झाली नाही. पण त्या होडीत रात्रभराची मासळी होती आणि लिलावाची वेळ टळत होती. अशा वेळी नुसता नमस्कार करून निघून जाणं मला लाजिरवाणं वाटतं. डिझेलचे आणि बुडालेल्या वेळेचे पैसे द्यावेत, त्यांनी नको म्हटलं तरी द्यावेत.

नऊच्या सुमारास पाणी आत येऊ लागलं तेव्हा काकांनी आणखी एक गोष्ट सुचवली: भोगवे सोडा, पाण्याबरोबर आत जा. बेत बदलला आणि दिवस अपेक्षेपेक्षा कितीतरी चांगला गेला.

भरतीबरोबर खाडीत शिरणं म्हणजे सरकत्या पायवाटेवर उभं राहणं. वल्हं फक्त दिशा धरायला लागतं. डावीकडे देवबागचे माड, उजवीकडे कोरजाईचा काठ. उथळ वाळूवर बायका वाकून मुळे-खुबे वेचत होत्या. त्यांच्यापासून लांबून जावं, कयाकने पाणी ढवळलं की त्यांचं काम अडतं. पुढे कांदळवनाच्या एका फाट्यात शिरलो. ओहोटीत तिथे चिखलाशिवाय काही नसतं. पाणी जसं चढत होतं तशी तिवरांची वर आलेली श्वासमुळं एकेक करून बुडत होती. कांदळाच्या कमानीसारख्या मुळांमधून कयाक जेमतेम जाईल एवढी वाट होती, पण पाण्याचा रेटा असताना मुळांत अडकलं तर सुटायला त्रास होतो, म्हणून आम्ही कडेने गेलो. डोक्यावरून काकण, म्हणजे पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड, पंख न हलवता तरंगत गेला. तास-दीड तास कुणी फारसं बोललं नाही. किती किलोमीटर झाले हे घड्याळात बघत धापा टाकणाऱ्यांना असा दिवस फुकट गेल्यासारखा वाटतो. मला तर खरे भटके तेच वाटतात ज्यांना पाणी थांबेल तिथे थांबता येतं.

जेवण अडीचच्या आसपास, भरती थबकली तेव्हा, काठावर. आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याचं सांबार, राहत्या घरून बांधून घेतलेलं. मग ओहोटीबरोबर परत. दुपारी समुद्राकडून खारे वारे जोर धरतात आणि बाहेर जाणाऱ्या पाण्याला समोरून भिडतात, त्यामुळे खाडीच्या रुंद भागात आखूड, उभ्या लाटा उठतात. देवबागच्या काठालगत राहिलं तर माड वारा अडवतात. मुख जवळ आलं की पुढे जाऊ नये, आधीच काठाला लागावं.

वाटेत त्सुनामी आयलंड नावाचा वाळूचा पट्टा लागतो. २००४ च्या त्सुनामीनंतर तो वर आला असं सांगतात. दुपारी तिथे जेटस्की, भोंगे आणि कागदी कपांचा खच असतो. आम्ही एक पोतं भरून कचरा परत आणला आणि त्यात बहुतेक पाण्याच्या बाटल्या होत्या. ज्या किनाऱ्यावर १९८७ पासून मालवणचं सागरी अभयारण्य आहे, तिथे हे बघताना संताप येतो. जवळच्या कुरटे बेटावर १६६४ साली शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्ग बांधायला घेतला. भोवतीच्या खडकांतली वाट माहीत नसलेल्या गलबतांना तिथे फिरकणं अवघड होतं. इथलं पाणी ठाऊक असलेल्या माणसाची किंमत तेव्हापासूनची आहे.

किनाऱ्यालगत जाणार असाल तर रापण ओळखायला शिका. होडीने अर्धवर्तुळात जाळं सोडलेलं असतं आणि दोन्ही टोकांचे दोर वाळूवरची माणसं ओढत असतात. त्या वर्तुळात शिरू नये, बाहेरून मोठा वळसा घ्यावा. उथळ पाण्यात पाय उचलून टाकण्याऐवजी घासत चालावं, म्हणजे वाळूत दडलेली पाकटं बाजूला होतात. खडकांवरची कालवं तळवा कापतात, बूट काढू नयेत.

आणि भोगव्याला जायचंच असेल तर ऑक्टोबर ते मार्चमधला, अष्टमी-नवमीच्या भांगाचा दिवस निवडा. तेव्हा ओढ सगळ्यात कमी असते. अष्टमीला पहाटेची भरती उतरत असते आणि ओहोटी बाराच्या सुमारास संपते, म्हणून सकाळचं पाणी बाहेरच जाणारं असेल हे लक्षात ठेवून मुखाच्या बऱ्याच आतूनच पलीकडचा काठ धरा. भोगव्याच्या वाळूवर उतरताना नाक सरळ किनाऱ्याकडे ठेवा. उतरल्यावर कयाक आणि किनारा यांच्या मधे उभे राहू नका. मागून आलेली लाट भरलेली कयाक गुडघ्यांवर आदळवते. समुद्राच्या बाजूला उभं राहून ती ढकला. साडेदहानंतरही मुख ओलांडलं नसेल, तर त्या दिवशी खाडीच चांगली.