मंजिष्ठा : काढा निराळा, रंग निराळा

चरकसंहितेतील वर्ण्य महाकषायात मंजिष्ठेचा समावेश आहे. ही मंजिष्ठा कापडाचाही वर्ण पालटते, याकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते. खानदेशात रंगकामाची परंपरा जुनी आहे. यावल तालुक्यातील फैजपूर एकेकाळी तांबड्या व गर्द निळ्या रंगकामासाठी प्रसिद्ध होते. तांबड्या रंगासाठी या भागात आलाची, म्हणजे बारतोंडीची, मुळे वापरीत. १८६९ पासून कृत्रिम अलिझारिन व १८९७ पासून कृत्रिम नीळ बाजारात आली आणि वनस्पतिज रंग मागे पडले.

काही काळापूर्वी एका महिला बचत गटाने आमच्याकडे याविषयी सल्ला विचारला. आम्ही सवयीप्रमाणे मंजिष्ठेचा चतुर्थांश काढा करावयास सांगितले. कापड तपकिरी झाले व दोन धुण्यांत फिके पडले. तो ताग विकला गेला नाही. चूक सल्ल्याची, म्हणजे आमचीच होती.

मंजिष्ठेतील परप्युरिन व मुंजिस्टीन ही रंगद्रव्ये पाण्यात अल्प विरघळतात. खळखळून उकळल्यास इतर तपकिरी द्रव्येही उतरतात व तांबडा रंग मळतो. शिवाय सुती धाग्याला हा रंग आपण होऊन धरत नाही. त्यास तुरटी लागते, आणि तुरटी टिकण्यास हिरड्यातील कषाय द्रव्य लागते.

म्हणून १ किलो सुती कापड प्रथम धुण्याच्या सोड्यात उकळून खळ पूर्ण काढावी. नंतर सुमारे २०० ग्रॅम हिरडाचूर्णाच्या पाण्यात रात्रभर भिजवून वाळवावे. मग सुमारे १५० ग्रॅम तुरटीच्या द्रावणात बुडवून पुन्हा वाळवावे. शेवटी कापडाच्या निम्मे ते समभाग मंजिष्ठाचूर्ण घेऊन ६० ते ६५ अंश सेल्सियसवर तासभर ठेवावे व त्याच पाण्यात निवू द्यावे. विहिरीचे जड पाणी येथे दोष नव्हे. त्यातील चुन्याने तांबडा रंग खुलतो. भांडे मात्र लोखंडी नको. लोखंडी कढईत त्रिफळा काळी पडते हे आपण जाणतोच. हिरडा दिलेल्या कापडाचे तेच होते.

डाळिंबसालीचा पिवळा रंग याच रीतीने चांगला टिकतो. पळसफुलांचा रंग मोहक खरा, पण उन्हात उडतो. तो होळीपुरताच बरा.

औषधनिर्मात्यांसाठी एक सूचना. मंजिष्ठेच्या काढ्यानंतर उरलेल्या चोथ्यात रंग शिल्लक असतो. तो फेकण्याऐवजी सावलीत वाळवून रंगकाम करणाऱ्यांस द्यावा. रंग फिका येईल, म्हणून चोथा दुप्पट घ्यावा लागेल. रंगकामाची भांडी औषधशाळेत परत आणू नयेत. मोरचूद किंवा बायक्रोमेट वापरून रंग गडद करण्याचा मोहही टाळावा. ते सांडपाणी अखेर आपल्याच विहिरींत उतरते.